पोटमाळ्यावरचा डबा

थोरली धाकटीवर जळते, हे रोपवाटिकेत सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या धाकटीला. आपल्यावर कोणी जळतंय हे ज्यांच्या गावीही नसतं, अशा माणसांवर जळण्यात काही राम नसतो. सगळे कष्ट वाया. पण कष्टाला थोरली कधी मागे हटली नव्हती.

दोघी जावा. घरात एक खाली राहायची, एक वरच्या मजल्यावर. आणि कामावर एकाच बीजघरात, एकाच लांब टेबलाच्या दोन टोकांना. धाकटीला इथे चिकटवली तीही थोरलीनेच. "आमच्या धाकट्या भावजींची बायको आहे, वनस्पतिशास्त्र शिकलीय, घरी नुसती बसून असते," असं साहेबांच्या कानावर तिनेच घातलं. आता याला आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पॉलिश पेपरवर बी किती घासायचं आणि कुठे थांबायचं, बी कापून आतला गर पांढरा आणि घट्ट आहे का ते कसं बघायचं, सगळं थोरलीने शिकवलं. धाकटी शिकली. इतकी शिकली की एक दिवस साहेब बीजघरात आले ते थोरलीच्या टोकाकडे न वळता सरळ धाकटीच्या टोकाकडे गेले आणि तिथेच उभे राहून बोलत राहिले. थोरलीने त्या दिवशी हातातलं बी घासून घासून पार पीठ केलं.

कामही साधं नव्हतं. शहराच्या कडेला एक जुनी दगडखाण होती. खाणवाल्या कंपनीने डोंगराची एक बाजू कुरतडून दगड नेला आणि उघडी पडलेली उतरण तशीच सोडली. दर पावसाळ्यात तिथली माती वाहून खाली रस्त्यावर यायची, शाळेची भिंत तर दोनदा नव्याने बांधली होती. मग सगळ्यांची बोटं कंपनीकडे वळली, आणि कंपनीने रोपवाटिकेला काम दिलं: पूर्वी या डोंगरावर जी झुडपं होती, तीच पुन्हा लावून द्या. बाकीची झुडपं शहाण्या मुलांसारखी उगवली. कोणाला गरम पाणी लागलं, कोणाला नुसतं रात्रभर भिजणं. पण त्यांची मुळं वरच्यावर. पाऊस आला की माती जायची आणि मातीबरोबर तीही जायची.

माती धरून ठेवणारं झुडूप एकच. डोंगराच्या न कापलेल्या बाजूला ते अजून होतं, आणि तिथली मूठभर मातीसुद्धा कधी हलली नव्हती. त्याला लाल फळं यायची, फळात मिऱ्याएवढं काळं बी. हे बी रुजायचं नावच घ्यायचं नाही. साहेब त्याला सुप्तावस्था म्हणायचे. बीजघरात सगळे नुसतं 'झोपलंय' म्हणायचे, आणि झुडपाला म्हणायचे हट्टी.

थोरलीने हट्टीचे काय काय लाड केले होते! उकळत्या पाण्यात घातलं, ॲसिडमध्ये बुडवलं, घासलं, टोचलं, धूर मुरवलेल्या पाण्यात भिजवलं, फ्रीजमध्येही ठेवून पाहिलं. एवढं करून हंगाम संपला की ट्रे तसाच्या तसा, वर हिरवं शेवाळ. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, "एवढ्या मिनतवाऱ्या माझ्या केल्या असत्यास ना, तर मीसुद्धा उगवलो असतो." थोरलीला हसू यायचं नाही. तिला आयुष्यात दुसरं काही मोठं नको होतं. हट्टी उगवावी आणि ती आपल्या हाताने उगवावी, एवढंच.

आणि मग त्या वर्षी साहेबांनी हट्टीच्या बियांचे दोन वाटे केले.

"दोन डोकी चालली तर बरं," ते म्हणाले. "निम्मं तुम्ही घ्या, निम्मं धाकट्या बाईंना द्या."

एवढी वर्षं एक डोकं चालत होतं, तेव्हा कोणाची हरकत नव्हती. थोरलीचा तिळपापड झाला, पण साहेबांसमोर ती "चालेल की" एवढंच म्हणाली. धाकटीने आपला वाटा हलक्या हाताने घासला, भिजवला, ओल्या वाळूत कालवला आणि पिवळ्या झाकणाच्या डब्यात घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवला. "थंडीनं हिची झोप मोडेल असं वाटतंय ताई. तुम्ही ठेवलं होतं ना, ते थोडेच दिवस होतं. आपण वर्षभर ठेवून बघू." 'आपण' म्हणाली. थोरलीला त्या 'आपण'चाही राग आला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर राहिलं असतं. पण उन्हाळ्याच्या तोंडावर प्रशिक्षणाची बातमी आली. लांबच्या एका मोठ्या शहरात बियांची मोठी पेढी, म्हणजे सीड बँक होती, तिथे अख्खा उन्हाळा राहून शिकायचं. दर वर्षी एकाला पाठवायचे. थोरलीचा नंबर कधीचा लागलेला होता. नवी बॅगसुद्धा तिने घेऊन ठेवली होती. साहेबांनी तिला बोलावून समोर बसवलं.

"तुम्ही गेलात तर बीजघर बंद पडेल, थोरल्या बाई. तुमच्यावाचून इथलं पान हलत नाही. धाकट्या बाईंना पाठवू या."

कौतुक करून माणसाला खुर्चीला बांधून ठेवायची ही साहेबांची जुनी खोड. थोरली घरी आली आणि ती नवी बॅग तिने स्वतः वर नेऊन धाकटीला दिली. "राहू दे गं, मला काय करायचीय," म्हणाली. धाकटीने तिला मिठी मारली. थोरलीने मिठी सोडवली ती बॅगेचा बंद नीट करायच्या निमित्ताने.

निघताना धाकटी म्हणाली, "ताई, माझ्या डब्याकडे बघाल ना? उघडायचा नाही. नुसता फ्रीजमध्ये राहू द्यायचा."

"जा गं तू निर्धास्त. मी आहे ना."

मग फोनवर फोटो यायला लागले. पांढरा कोट घातलेली धाकटी. काचेच्या बरण्यांच्या रांगेपुढे धाकटी. कुठल्याशा मोठ्या शास्त्रज्ञ बाईंशेजारी हसणारी धाकटी, आणि खाली लिहिलेलं, 'ताई, तुम्ही हव्या होतात इथे.' तो फोटो आला तेव्हा थोरली बीजघरात एकटीच जेवायला बसली होती. तिने जेवणाचा डबा झाकून ठेवला, हात धुतले, फ्रीज उघडला आणि पिवळ्या झाकणाचा डबा बाहेर काढला. आपल्या ट्रेला जागा हवीय, असं तिने मनाशी म्हटलं. फ्रीजमध्ये बैल बांधता येईल एवढी जागा होती.

मागच्या आवारात पत्र्याची शेड होती. तिच्या पोटमाळ्यावर जुनी जाळी, फुटके ट्रे, रिकामी खोकी पडलेली असायची. उन्हाळ्यात तिथे पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. थोरली शिडीवरून वर चढली, डबा पार आत, पत्र्याखाली ढकलला.

"शीज आता," ती म्हणाली. अगदी मोठ्याने म्हणाली.

त्या दिवशी तिला फार बरं वाटलं. घरी गेल्यावर तिने दोनदा भात वाढून घेतला, आणि नवऱ्याने विचारलंही, "आज काय बक्षीस-बिक्षीस मिळालं का?"

उन्हाळाभर डबा वर राहिला. धाकटीच्या येण्याचं नक्की झालं तेव्हा थोरलीने तो खाली आणला, धूळ पुसली आणि फ्रीजच्या त्याच कोपऱ्यात ठेवून दिला. उघडून बघितलं नाही. काय बघायचं? आत उकडलेली वाळू असणार. धाकटी परत आली, तिने डबा बघितला, "किती नीट सांभाळलात ताई," म्हणाली. थोरलीने मान वळवून पॉलिश पेपर शोधायला घेतला, जो समोरच होता.

पुढे थंडीचे दिवस सरत आले तेव्हा एका सकाळी बीजघरातून किंकाळी आली. थोरली अंगणात कुंड्या भरत होती. तिला वाटलं, विंचू निघाला. धावत आत गेली तर धाकटी डबा छातीशी धरून रडत होती, हसत होती. वाळूत पांढऱ्या मुळांचं जाळं झालं होतं. एक नाही, दोन नाही. जिकडे बघावं तिकडे काळं कवच दुभंगून पांढरी मुळं बाहेर पडलेली.

"ताई! हट्टी! हट्टी उगवली!" ती थोरलीच्या गळ्यात पडली. "तुम्ही सांभाळलात म्हणून हो!"

साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. फोटो काढला. तो मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावला. मधोमध धाकटी, हातात डबा. आणि कडेला थोरलीचा एक खांदा आणि अर्धा कान. रोज येता-जाता थोरलीला आपला अर्धा कान दिसायचा.

"अगं, आपल्याच घरात यश आलं ना?" नवरा म्हणाला.

"घरात आलं म्हणूनच तर!" थोरली म्हणाली. "परक्या कुणाला मिळालं असतं, तर मी हार घेऊन गेले असते."

खरी आग मात्र वेगळीच होती, आणि ती तिला नवऱ्यालासुद्धा सांगता येत नव्हती. त्या सकाळी धाकटी गळ्यात पडली होती, त्याच क्षणी थोरलीला लख्ख कळलं होतं. नुसत्या थंडीने हट्टी उगवत असती तर तेवढेच दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या तिच्या स्वतःच्या ट्रेमध्ये एखादं तरी बी हललं असतं. डब्याने जास्तीचं काय पाहिलं होतं? ऊन. आधी ओलसर उकाडा, मग थंडी. डोंगरावर तरी दुसरं काय होतं? फळ गळतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. बी पाल्याखाली दमट उकाड्यात पडून राहतं आणि मागून थंडी येते. एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते. आणि ते उमगलं कशाने, तर धाकटीचं वाटोळं व्हावं म्हणून डबा पत्र्याखाली ढकलला त्याने! हट्टी उगवली होती ती थोरलीच्याच हाताने. पण तो हात दाखवायचा तर तो कशासाठी उचलला होता, तेही सांगावं लागलं असतं.

पॉलिश पेपर उचलून ती कामाला लागली.

साहेबांनी नवं सगळं बी धाकटीच्या ताब्यात दिलं. एकाच्या जागी फ्रीजभर डबे झाले. धाकटीने आपली पद्धत काटेकोर पाळली: घासणं, भिजवणं, ओली वाळू, थंडी, थंडी आणि थंडी. थोरली टेबलाच्या आपल्या टोकाला बसून बघत होती. पहिल्या डब्यातली रोपं दरम्यान उतरणीवर गेली. मोजकीच होती, पण पावसाळा त्यांनी काढला. बाजूची माती गेली आणि हट्टीच्या बुडाची जागची हलली नाही. खाणवाले अधिकारी येऊन बघून गेले. "अशी पुढच्या वर्षी उतरणभर हवीत," म्हणाले.

वर्ष फिरलं. धाकटीने डबे उघडले. वाळू, आणि वाळूत काळं बी, जसं ठेवलं होतं तसं.

पहिल्या दिवशी थोरलीला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीही वाटलं. धाकटीने बी कापून बघितलं. गर पांढरा, घट्ट, जिवंत. तिने डबे परत फ्रीजमध्ये ठेवले, आणखी थांबली. काही नाही. ज्यांनी मागच्या वर्षी टाळ्या वाजवल्या होत्या ते आता दारात उभे राहून म्हणायचे, "नशीब होतं हो तेव्हाचं, दुसरं काय." साहेब बीजघरात येईनासे झाले. खाणवाल्यांनी कळवलं, की रोपं नसतील तर आम्ही उतरणीला दगड आणि तारेची जाळी लावून मोकळे होतो. हट्टीचं उरलेलं सगळं बी त्या मोठ्या पेढीकडे पाठवून द्यायचं आणि बीजघराची खोली गोदामाला द्यायची, असं ठरत आलं.

घरी धाकटी जिन्यात बसायला लागली. वर जाता जाता मध्येच बसायची आणि तिथेच राहायची. एका संध्याकाळी थोरलीला वरच्या खोलीतलं ऐकू आलं. "मी सोडते नोकरी. मला काही येत नाही. एकदा झालं ते कसं झालं, तेसुद्धा मला माहीत नाही." आणि दिराचा आवाज, समजावणारा.

थोरलीने खाली भाजी ढवळली. मनात म्हणाली, सोड. मग तिला स्वतःचीच भीती वाटली. पण भाजी करपू दिली नाही.

तिचा बेत ठरलेला होता. फ्रीजमधल्या एका डब्यातलं ओंजळभर बी तिने ओल्या वाळूसकट काढलं, आणि निळ्या झाकणाच्या छोट्या डब्यात घालून पोटमाळ्यावर ठेवलं. उन्हाळा सुरू झालेलाच होता. उन्हाळाभर तिथे, मग थंडीभर घरच्या फ्रीजमध्ये. बीजघर राहो न राहो. पुढच्या वर्षी हातात रोपं घेऊन ती साहेबांच्या दारात उभी राहणार होती. धाकटीचं नशीब होतं, थोरलीची विद्या आहे, असं सगळ्यांनी म्हणायचं होतं. भिंतीवर नवा फोटो. पुरा चेहरा, दोन्ही कान. उतरणीला तोवर दगड लागले असते, हा विचार मध्ये यायचा. आला की ती तो बाजूला सारायची.

बी पाठवायचा दिवस आला. दुपारी गाडी येणार होती. डबे टेबलावर मांडले होते, धाकटी ते खोक्यांत भरत होती. डोळे सुजलेले. खोकी कमी पडली तेव्हा ती म्हणाली, "शेडमध्ये आहेत ना? आणते मी."

"थांब, मी जाते," थोरली म्हणाली, पण तोवर ती दाराबाहेर होती. थोरली मागे धावली असती, तर काय सांगणार होती? ती टेबलाशी उभी राहिली.

धाकटी आली ती खोकी न घेता. हातात निळ्या झाकणाचा डबा.

"ताई, हा वर कसा? हट्टीचं बी आहे यात. केवढा तापलाय."

उत्तर थोरलीने कधीचं तयार ठेवलं होतं, असा प्रसंग आलाच तर म्हणून. ते अगदी सहज तिच्या तोंडून निघालं. "मी ठेवलाय. वाटलं, आधी ऊन दाखवावं आणि मग थंडी. डोंगरावर तसंच होतं ना. फळ गळतं उन्हाळ्यात."

धाकटी हलली नाही. तिचे डोळे एकेक गोष्ट जुळवत होते, आणि थोरलीला ते बाहेरून दिसत होतं. मग तिने डबा हळूच टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "असंच असणार. अगदी असंच असणार. ताई, हे तुम्हाला कसं सुचलं? मी एवढं शिकून आले, पुस्तकंच्या पुस्तकं वाचली, आणि माझ्या डोक्यात थंडीच्या पलीकडे काही आलं नाही. तुमच्याइतकं हट्टीला कोणी ओळखत नाही. मी साहेबांना सांगते."

हे. हेच ऐकायला थोरली एवढी वर्षं कान लावून बसली होती. ते आलं, आणि धाकटीच्या तोंडून आलं. आता फक्त मान हलवायची होती.

पण तिने धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. धाकटी हसत होती, आणि त्या हसण्याच्या आत दुसरंच काहीतरी होतं. ओठ किंचित आवळलेले, आवाज जरा जास्तच गोड, आणि नजर डब्यावरून निघत नव्हती. थोरलीने हा चेहरा आरशात इतकी वर्षं पाहिला होता, की तिला ओळखायला क्षणही लागला नाही. धाकटी जळत होती. जिला जळणं माहीतच नव्हतं, ती. आणि जळत होती कशावर, तर एका खोट्यावर.

"मला सुचलं नाही गं," थोरली म्हणाली. "तू प्रशिक्षणाला होतीस ना, तेव्हा तुझा पिवळा डबा मी फ्रीजमधून काढला. पोटमाळ्यावर टाकला, उन्हाळाभर. तू यायच्या आधी परत ठेवला."

"का? फ्रीज बिघडला होता?"

या बाईला चांगुलपणाचा रोगच होता! थोरलीला त्याही वेळी तिचा राग आला, आणि त्या रागानेच बोलायला बळ दिलं.

"फ्रीज चांगला होता. बी मरावं म्हणून टाकला. तुझं बी मरावं म्हणून. तू तो पांढऱ्या कोटातला फोटो पाठवलास, मला सहन झालं नाही. मी तुझ्यावर जळते. तू आलीस तेव्हापासून जळते. सगळ्या रोपवाटिकेला माहीत आहे, विचार कुणालाही."

धाकटी खाली बसली, स्टुलावर. ती टेबलाच्या कडेचा सोललेला सनमायका नखाने उचकटत राहिली. थोरली वाट बघत होती, आता रडेल, आता ओरडेल, आता उठून घरी जाईल आणि दिरांना सांगेल. घर फुटेल. फुटू दे.

"उन्हाळ्याच्या सुरुवातीला ठेवलात की मध्यावर?" धाकटीने विचारलं.

"काय?"

"डबा. वर कधी नेलात?"

"फोटो आला त्या दिवशी. उन्हाळा नुकता लागला होता."

"झाकण उघडलंत मध्ये? पाणी घातलंत?"

"नाही. तू उघडू नको म्हणाली होतीस."

हे ऐकल्यावर धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली. "म्हणजे तेवढं मात्र ऐकलंत माझं," ती म्हणाली. मग नाक पुसून म्हणाली, "मला राग यायला हवा ना ताई? येतोय. येणारच आहे, घरी जाऊन येईल चांगला. पण आत्ता मला तुमचा हेवा वाटतोय. लोक माझा फोटो लावून बसलेत, आणि हट्टी उगवली तुमच्या हातानं. तीसुद्धा तुम्हाला नको असताना."

थोरलीला एवढी वर्षं जे हवं होतं ते हे असं मिळालं होतं, आणि धरायला गेलं तर हात भाजत होता.

"गाडी यायच्या आत डबे वर न्यायला हवेत," धाकटी उठत म्हणाली. "उन्हाळा गेला की वर्ष गेलं. चला."

दोघींनी डबे खोक्यांतून काढले आणि शेडमध्ये नेले. धाकटी शिडीवर चढली, थोरली खालून एकेक डबा देऊ लागली. निम्मे डबे वर गेले असतील नसतील, तेवढ्यात साहेब आले. "अहो, गाडी फाटकात उभी आहे. बी कुठंय? आणि तुम्ही दोघी इथं काय करताय?"

"बी कुठंही जात नाही साहेब," थोरली म्हणाली. "हट्टीला आधी ऊन लागतं, मग थंडी. खाणवाल्यांना सांगा, एक वर्ष थांबा."

"कशावरून?"

थोरलीने सांगितलं. जसं झालं तसं, त्याच क्रमाने, काही न गाळता. शेडच्या दाराशी आणखी दोघंचौघं येऊन उभी राहिली होती, त्यांनीही ऐकलं. साहेबांनी चष्मा काढला, परत घातला.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम?"

"मुद्दाम."

साहेबांना ओरडायचं की अभिनंदन करायचं ते ठरवता येईना. शेवटी ते "गाडीवाल्याला सांगून येतो" म्हणून निघाले. दारातली माणसंही त्यांच्यामागून पांगली. त्यांना ही बातमी चहाच्या आत सगळीकडे पोचवायची होती.

थोरलीने पुढचा डबा उचलून वर धरला. धाकटीने तो घेतला नाही. शिडीवरून ती खाली थोरलीकडे बघत होती, आणि आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"एक विचारू ताई? डबा रागानं ठेवावा लागतो, की नुसता ठेवला तरी चालतो?"

थोरलीने खरंच विचार केला.

"माहीत नाही," ती म्हणाली. "नुसता ठेवून मी कधी बघितलाच नाही."

"मग एक तरी रागाचा हवा. तुलनेला."

तिने थोरलीच्या हातातून डबा घेतला, दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि अंगातलं सगळं बळ लावून आत, पत्र्याखाली ढकलला. तो मागच्या भिंतीवर असा आदळला की सगळी शेड हादरली आणि एवढ्या वर्षांची साचलेली धूळ थोरलीच्या केसांत, डोळ्यांत, तोंडात गेली. थोरली बाजूला झाली नाही. तिने पुढचा डबा उचलून वर दिला.